थांब, बघते

लहान मुलांच्या हॉस्पिटलात औषधाचा डोस ठरवणारं ॲप आत्यांनी लिहिलं होतं. आत्या म्हणजे अख्ख्या ऑफिसच्या आत्या. त्या जाऊन वर्ष होत आलं, तरी प्रत्येक वॉर्डाचं ॲप डोस त्यांच्याच ॲपला विचारायचं. पडद्यावर आधी यायचं, ‘थांब, बघते.’ मग जरा वेळाने आकडा, आणि तेव्हाच औषधाचं कपाट उघडायचं. आकडा कधी चुकला नव्हता.

तो जरा वेळच डॉक्टरांना खुपत होता. काम आलं ऑफिसातल्या धाकटीकडे, जिला आत्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. वाटा दोनच: विचारणं चालू ठेवायचं, नाहीतर आत्यांचा कोड लायब्ररी करून प्रत्येक ॲपच्या पोटात एकेक प्रत घालायची. मग कुणाला विचारायलाच नको. आत्या असताना हा विषय निघाला की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "मला विचारा. माझ्या नकला करू नका."

धाकटीने कोड उघडला आणि हरखून गेली. घासूनपुसून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखा लख्ख. काय बाई होती! पण ‘थांब, बघते’ त्यात कुठेच नव्हतं. उशीर करणारी ओळही नव्हती. नेटवर्कवाला डोकं खाजवत म्हणाला की खालच्या वॉर्डाला उत्तर लवकर जातं, जिना चढून जावं लागतं त्या वॉर्डाला उशिरा. तार मात्र सगळीकडे सारखीच.

"आत्या चालत जात असतील," धाकटी म्हणाली आणि दोघं हसले.

मग तापाची साथ आली. वॉर्ड भरले, सगळी ॲप्स एकदम विचारू लागली. वरच्या वॉर्डात धाकटीच्या बहिणीची तान्ही मुलगी होती. दुपारी बहिणीचा फोन आला. पोरीला झटके येत होते, आणि पडद्यावर ‘थांब, बघते’ येऊन तसंच राहिलं होतं.

"काहीतरी कर गं. कपाट उघडत नाहीये."

लायब्ररी तयारच होती. धाकटीने मनातल्या मनात आत्यांची माफी मागितली आणि ती सगळ्या वॉर्डांत चढवली.

आकडा तत्क्षणी आला. औषध गेलं, पोर शांत झोपली. धाकटीचे डोळे भरून आले. गेल्यावरही बाई कामाला आली होती.

थोड्या वेळाने बहिणीचा पुन्हा फोन.

"इथे एक बाई आहेत. चष्मा कपाळावर. पाळण्यावर वाकून बघतायत."

"कधीपासून?"

"औषध दिलं तेव्हापासून. जातच नाहीत."

धाकटीने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"काचेतून पलीकडचा वॉर्ड दिसतो ना," बहीण हळूच म्हणाली, "तिथेही त्याच आहेत. त्याच्या पलीकडेही."

तेव्हा धाकटीला आठवलं. तपासणीसाठी एक प्रत तिने स्वतःच्या मशीनवरही ठेवली होती.

तिने मान वळवली नाही.