डेअरीचा सा

"थांबा सगळे," खुंटी म्हणाला आणि त्याने व्हायोलिनचा गज खाली घेतला. "फुंकणी, तुझा सूर वर चाललाय."

"माझा नाही. तुमचा खाली आहे."

"अकरा जणांचा?"

"हो. अकराच्या अकरा जणांचा."

यावर अकरा व्हायोलिनं एकदम हसली असती तर नवल वाटलं नसतं. वाजवणारे तर हसलेच.

फुंकणी बारा वर्षांची होती. वर्गात बासरी वाजवणारी ती एकटीच, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. खुंटी तिचा चुलतभाऊ, तिच्याहून वर्षाने मोठा आणि व्हायोलिनवाल्यांचा पुढारी. तारा लावण्याच्या खुंट्या पिळण्यात त्याचा निम्मा दिवस जायचा. त्याची धाकटी बहीण बारकी नऊ वर्षांची. तिचं व्हायोलिन सगळ्यांत लहान आणि तोंड सगळ्यांत मोठं.

वर्ग भरायचा गावच्या डेअरीच्या मागच्या खोलीत. पूर्वी तिथे रिकामे कॅन ठेवत. भिंतीला अजून कॅनांचे गोल ओरखडे होते आणि उन्हाळ्यात खोलीला ताकासारखा वास यायचा. संगीतबाई आठवड्यातून दोनदा बसने येत. सूर लावायचं त्यांचं छोटं यंत्र त्यांना आणखी तीन गावांत लागायचं, त्यामुळे ते इथे ठेवता येत नसे. पहिल्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या खोलीकडे कान दिला. तिथे दूध गार करणारं जुनं मशीन होतं, पट्ट्यावर फिरणारं. ते सुरू झालं की त्याच्या चाकाचा एकसारखा घुमणारा आवाज यायचा. "हा घ्या तुमचा सा," बाई म्हणाल्या. "हा काही बसने परत जात नाही."

तेव्हापासून अकरा मुलं व्हायोलिन हनुवटीखाली धरून मशीन सुरू व्हायची वाट बघत. ते सुरू झालं की सगळे एकदम खुंट्या पिळायला लागत. आजूबाजूची गावं यांना दूधवाले म्हणून चिडवायची, पण सूर पक्का लागायचा, त्यामुळे कोणी मनाला लावून घेत नव्हतं.

आता सुट्टी होती. बाई महिनाभर आपल्या गावी गेल्या होत्या आणि मुलं रोज सकाळी आपापला सराव करत होती. फुंकणी तीन आठवडे मावशीकडे राहून कालच परतली होती.

"मावशीकडे बासरी आपटलीस का?" बारकीने विचारलं.

"नाही."

"कोणी तिच्यावर बसलं का?"

"बारकी, बासरीवर बसल्यावर ती मोडते. सूर नाही बदलत."

"मावशी बसली तर काय होईल सांगता येत नाही," बारकी म्हणाली. मावशीला तिने पाहिलं होतं.

तेवढ्यात दार उघडून अध्यक्ष आत आले. अध्यक्ष म्हणजे डेअरीचे अध्यक्ष, खुंटी-बारकीचे बाबा आणि फुंकणीचे थोरले काका. पण डेअरीत पाऊल टाकलं की ते कोणाचे बाबा नसत आणि कोणाचे काका नसत. हे बारकी सोडून सगळ्यांना कळायचं.

"आज पुन्हा टँकर आपलं दूध न घेता गेला," ते म्हणाले. "आठवड्यात दुसऱ्यांदा. गावाचं दूध नासतंय. धुणं-पुसणं सगळं तपासलं. राहिलं एकच, ते मधलं दार. तुम्ही ते उघडं टाकता आणि गरम हवा मशीनच्या खोलीत जाते."

"बाबा, बोटभरच उघडतो आम्ही," बारकी म्हणाली. "सा नीट ऐकू यावा म्हणून."

खुंटीने तिच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"म्हणजे उघडता," अध्यक्ष म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी या खोलीला कुलूप लागेल. वाद्यं शहरातल्या संस्थेची आहेत, ती परत जातील. गावाच्या दुधापुढे मला दुसरं काही बघता येणार नाही."

ते रागावले असते तर मुलांना बरं वाटलं असतं. पण ते शांतपणे बोलले आणि गेले. गावात दुसरी मोकळी खोली नव्हती, हे अकराच्या अकरा जणांना आणि फुंकणीलाही ठाऊक होतं. त्या दिवशी सोमवार होता.

बाकीची मुलं तोंडं पाडून घरी गेली. फुंकणीचा पाय निघेना. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. खोली जाणार, बासरी जाणार, आणि जाताजाता तूच बेसूर आहेस असं ऐकून घ्यायचं.

"खुंटी," ती म्हणाली, "समज, तुमचाच सूर उतरला असेल."

"आम्ही रोज मशीनवर लावतो. आजही लावलाय."

"मग समज, मशीनच उतरलं असेल."

खुंटीने तिच्याकडे बघितलं. हे त्याला पटलं नव्हतं, पण सुरांच्या बाबतीत तो प्रामाणिक होता. "कसं बघायचं?" त्याने विचारलं.

फुंकणीची आई डेअरीतच कामाला होती. दूध गेलं की टाकी धुवायची, कॅन पालथे घालायचे, ही तिची कामं. सुट्टी लागण्याआधी याच खोलीत वर्गाचा छोटा कार्यक्रम झाला होता आणि तो तिने आपल्या फोनवर टिपला होता. चित्रात बहुतेक वेळ तिचा अंगठाच दिसत होता. आवाज मात्र स्वच्छ होता.

बारकी धरून तिघं खोलीतच फोन घेऊन बसली. फुंकणीने फोनमधल्या सुराबरोबर आपला सा वाजवला. तो तंतोतंत जुळला. मग खुंटीने आपली तार छेडली. ती खाली होती, थोडीथोडकी नाही, चांगली खाली.

खुंटीने तीनदा छेडून बघितलं. मग व्हायोलिन मांडीवर ठेवलं. वीस दिवस तो इतरांचे कान उपटत होता, नीट लावा, नीट लावा म्हणून, आणि सगळ्यांना नीट खाली घेऊन गेला होता.

"तुझी चूक नाही," फुंकणी म्हणाली. "मशीन रोज केसभर उतरलं असणार. तुम्हीही रोज केसभर उतरलात. मी इथे असते तर मलाही कळलं नसतं. उलट तुमच्याबरोबर मीही बासरीला शिव्या दिल्या असत्या."

"पुढचं ऐका की," बारकी म्हणाली. ती अजून फोनला कान लावून बसली होती. "इथे मशीन थांबलं. ढक् करून."

"थांबणारच. दूध गार झालं की ते आपोआप थांबतं."

"मग आज का नाही थांबलं? मी सकाळपासून वाट बघतेय. मला पाणी प्यायला जायचं होतं, मी म्हटलं, थांबलं की जाऊ."

तिघांनी भिंतीकडे कान केला. मशीन चालूच होतं. एकसुरी, कंटाळलेलं, दम न घेता. खाली उतरलेलं मशीन सावकाश फिरत होतं, म्हणून दूध गार होत नव्हतं, म्हणून ते थांबत नव्हतं. फुंकणीच्या मनात हे सगळं एकापाठोपाठ एक जागेवर बसलं.

मशीनकाका मशीनच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते. मशीन त्यांच्याकडे सोळा वर्षं होतं आणि ते आपल्याला इतर कोणापेक्षाही जास्त कळतं, असं ते सगळ्यांना सांगत.

"काका, मशीनचा आवाज उतरलाय," फुंकणी म्हणाली.

"आवाज?"

"ते हळू फिरतंय. दूध गार होत नसेल."

मशीनकाकांनी मागे न बघता अंगठ्याने टाकीकडे दाखवलं. टाकीच्या पोटावर घड्याळासारखी तबकडी होती आणि तिचा काटा चारवर होता. "चार अंश. काल चार, परवा चार. दूध गार आहे. ते टँकरमध्ये नासतं नाहीतर तुमच्या त्या दारामुळे. जा, वाजवा जाऊन, तीन दिवस राहिलेत."

हे शेवटचं त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नव्हतं, पण लागायचं तिथे लागलं. काट्यापुढे काय बोलणार? मुलं बाहेर आली. मंगळवार असाच गेला.

बुधवारी दुपारी फुंकणी आईला डबा द्यायला डेअरीत गेली. बारकी बरोबर होतीच. दूध गेलं होतं, मशीन बंद होतं आणि आई टाकीत कढत पाणी सोडून आत लांब दांड्याचा ब्रश फिरवत होती. वाफेने तिचा चेहरा लाल झाला होता.

"काकू, पाणी किती गरम आहे?" बारकीने विचारलं.

"हात घालशील तर कळेल. घालू नकोस."

"मग ते चारवर का आहे?"

फुंकणीने तबकडीकडे बघितलं. काटा चारवर होता. तिने बोटाने काचेवर टिचकी मारली. काटा चारवरच होता. टाकीच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"आई," ती म्हणाली, "उद्या या वेळेला पाणी असंच गरम ठेवशील? आणि झाकण लावून ठेव."

आईने आधी तबकडीकडे बघितलं, मग मुलीकडे. तिला काय कळायचं ते कळलं. "ठेवते," ती म्हणाली. "पण जे बोलायचं ते नीट बोला. मोठी माणसं आहेत."

खुंटीला हे सांगितल्यावर तो तडक बाबांना बोलवायला निघाला. फुंकणीने त्याला अडवलं. आज बोलावलं तर मशीनकाका आधी तबकडीला दोन चापट्या मारतील, मग काटा हलेल, आणि सगळं मुसळ केरात जाईल. त्यापेक्षा अध्यक्ष उद्या कुलूप घेऊन येणारच आहेत. संध्याकाळच्या ऐवजी दुपारी आले तर बरं. ते काम बारकीने अंगावर घेतलं. गुरुवारी जेवताना तिने बाबांच्या मागे इतका लकडा लावला की ते हात धुऊन थेट डेअरीतच आले.

"काय दाखवायचंय?" त्यांनी विचारलं. हातात कुलूप होतं. मशीनकाका स्टुलावरून उठून उभे राहिले. फुंकणीची आई ब्रश धरून बाजूला सरकली.

ठरल्याप्रमाणे बारकी पुढे झाली. "मशीनकाका, आत्ता टाकी किती गार आहे?"

मशीनकाकांनी नेहमीसारखं तबकडीकडे बघितलं. "चार."

"नक्की?"

"काटा दिसतोय ना तुला?"

"बाबा, तुम्हीही बघा. किती?"

"चार," अध्यक्ष म्हणाले. "बरं मग?"

फुंकणीने पुढे होऊन झाकण उचललं. वाफेचा लोट थेट अध्यक्षांच्या चष्म्यावर गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आत वाकून बघितलं आणि पुन्हा तबकडीकडे बघितलं. काटा चारवर ठाम होता.

मग फुंकणीने सगळं सांगितलं. फोनमधला सूर, आताचा सूर, न थांबणारं मशीन. "दार आम्ही उघडत होतो, ते खरं आहे," ती म्हणाली. "ते चुकलं. पण दूध त्याने नासलं नाही."

अध्यक्षांनी मशीनकाकांकडे बघितलं. मशीनकाका खाली वाकून मशीनची जाळी काढत होते. आतला पट्टा त्यांनी बोटाने दाबला. तो सैल पडला होता आणि आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

"घसरतोय," ते हळूच म्हणाले. "महिन्यापूर्वी तपासणीवाला म्हणाला होता, बदला. मी म्हटलं, काटा चारवर आहे, घाई काय?" ते तसेच उकिडवे बसून राहिले. "सोळा वर्षं याच्याजवळ बसलोय. मला ऐकूच आलं नाही."

"आम्हालाही नाही आलं," खुंटी म्हणाला. "हिला आलं."

शुक्रवारी सकाळी शहरातून कारागीर आला. नवा पट्टा बसला, नवी तबकडी बसली, आणि मशीन सुरू झालं तेव्हा अकरा मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सा परत वर गेला होता. तारा ताणताना दोघांच्या तुटल्या. दूध घालायला आलेल्या सगळ्या लोकांसमोर अध्यक्षांनी झाली गोष्ट सांगितली, मुलांवर खापर फोडलं हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि खोली वर्गाचीच राहील असं जाहीर केलं. टँकर दूध घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात संगीतबाई आल्या. बारकीने त्यांना बसथांब्यावरच गाठून निम्मी गोष्ट सांगितली होती, उरलेली इतरांनी सांगितली. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवायला मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "ती चूक माझी." मग त्या फुंकणीकडे वळल्या. "सूर मी शिकवू शकते. अकरा जण एकीकडे असताना आपल्या कानाला धरून राहणं मला नाही शिकवता येत. ते तुझं तुला आलंय."

फुंकणीला इतका आनंद झाला की कुठे बघावं ते कळेना. भिंतीपलीकडे मशीन घुमायला लागलं होतं. सवयीने सगळ्यांचे हात खुंट्यांकडे गेले.

खुंटीने मात्र व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि भिंतीकडे पाठ केली.

"दे," तो फुंकणीला म्हणाला. "सा दे."

तिने बासरी ओठांना लावली आणि अकरा जणांनी तिच्यावर तारा लावल्या.