आधी डोंगर

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात एक माणूस चक्क दगड चाटत उभा होता.

जया थबकलीच. नवी नेमणूक, पहिला दिवस, कडक इस्त्रीची साडी... आणि समोर हे!

"काहून जी," तिच्या तोंडून निघूनच गेलं, "नाश्ता नाही झाला का?"

तो दचकला, मग हसला. उन्हानं रापलेला चेहरा, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं एक छोटंसं भिंग.

"बाटलीतलं पाणी संपलं ना! दगड ओला केला का मग त्याचा खरा रंग दिसते. पाहता?"

भिंगाची दोरी ही एवढीशी. पाहायचं तर त्याच्या खांद्याशी वाकावं लागणार... जया घुटमळली, आणि वाकली. दोरी गळ्यातून काढता आली असती, हे म्हणे दोघांच्याही लक्षातच आलं नाही. आता ते आपण खरं धरायचं!

भिंगातून पाहिलं मात्र, तिचा श्वासच अडला. बाहेरून काळाठिक्कर दिसणारा तो दगड, पण आत चांदीसारखी चमकती रेघ, तिच्याखाली गेरूसारखी तांबडी, मग पुन्हा चांदी... थरावर थर, थरावर थर.

"अगं बाई..." ती पुटपुटली. "लुगड्याचा काठच की!"

"उमरेडले आमच्या घरी माग आहे. माझे बाबा लुगडी विणतात. पण असा काठ त्यायलेही नाही जमत." त्याचा आवाज खाली आला. "हे थर बसले ना, तेव्हा जगात झाड नव्हतं, पाखरू नव्हतं. नुसता समुद्र. आता तिकडं चांद्याच्या जंगलात पुरा डोंगर उभा आहे याचा. लोखंडाचा डोंगर!"

देवाचं नाव घ्यावं तसं त्यानं ते म्हटलं. मग एकदम तिला विचारलं,

"तुम्ही नवीन टायपिस्ट का?"

"नाही," जया सरळ उभी राहिली. "तुमची रजा मंजूर करणारी."

"अरे बाप्पा!" म्हणून भूवैज्ञानिक गिरिधरनं दगड खिशात टाकला.

खनिज खात्याची तऱ्हाच न्यारी. पावसाळ्यात सगळे भूवैज्ञानिक मुख्य कचेरीत येऊन नकाशे काढत बसायचे आणि दसरा झाला की तंबू घेऊन रानात निघायचे, ते थेट मे महिन्यापर्यंत. कोणाला कुठं पाठवायचं, जीप कोणाला, ड्रिलिंगचं यंत्र कोणाला, कोण कोणाला शेजारी तंबू ठोकू देणार नाही—हे सगळं आता जयाच्या डोक्याला. बाई काटोलच्या शेतकऱ्याची लेक, दगडातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मग शिकवायला गिरिधर हजर! पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून तो तिच्या टेबलावर रोज एक नवा दगड ठेवायचा. जया पेल्यातल्या पाण्यानं तो ओला करून बघायची आणि दिवसभर उगीचच हसायची. अख्ख्या कचेरीला काय ते कळलं होतं. या दोघांनाच तेवढं कळायचं बाकी होतं!

दसरा जवळ आला. दोनच जागा भरायच्या उरल्या. एक पारशिवनीकडचं मँगनीज. एसटीत बसलं की नागपूर, दर रविवारी घर. दुसरा तो लोखंडाचा डोंगर. तिथं गेलेला माणूस मे महिन्याआधी परत यायचा नाही.

"नावं उद्या बैठकीत तुम्हीच सांगा," संचालकसाहेब जयाला म्हणाले.

संध्याकाळी तिनं गिरिधरला विचारलं, "कुठं जायचं तुम्हाला?"

"पारशिवनी चालते मले." तो खिडकीबाहेर बघत होता. "रविवारी येता येते ना... चहा प्यायले. फक्त डोंगरावर ज्याले पाठवाल त्याले सांगा, पायथ्याशीच थांबू नको म्हणा. माथ्यावर जाय. तिथं उभं राहिलं का..." पुढचे शब्दच त्याला सापडेनात. डोळे मात्र लकाकत होते.

हा वेडा तिच्यासाठी डोंगर सोडायला निघाला होता! आणि तिलाही तेच तर हवं होतं, दर रविवारी, समोरासमोर...

दुसऱ्या दिवशी बैठकीत ती उठली. स्पष्टपणे म्हणाली, "डोंगरावर गिरिधर जातील."

बैठक उठल्यावर त्यानं तिला व्हरांड्यात गाठलं. चेहरा पार उतरलेला. "इतक्या दूर पाठवून राहिल्या मले? काही चुकलं का माझं?"

"काही नाही चुकलं." आता मात्र तिला रडू आवरेना. "पारशिवनीहून तुम्ही दर रविवारी याल, अन् दर रविवारी मले तुमच्या डोळ्यात तो डोंगर दिसल. ते मले सोसणार नाही जी!"

तो बघतच राहिला. दसऱ्याला मात्र त्यानं तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि हात जरा उशिरानंच काढला.

डिसेंबरात कॅम्पच्या तपासणीला जाणं जयाला भागच होतं. कामच होतं ते! जीपमध्ये काटोलच्या संत्र्यांची टोपली होती, ती काही कामाची नव्हती.

तिला घेऊन गिरिधर माथ्यावर चढला. साडीचा काठ लाल मातीनं माखला. वर पोचल्यावर त्यानं होकायंत्र उघडलं, तर सुई नुसती भिरभिरत होती. "इतकं लोखंड आहे पायाखाली," तो हळूच म्हणाला. नजर पोचेल तिथवर जंगल पसरलेलं, आणि पायाखाली तो झाडापाखरांच्याही आधीचा समुद्र, दगड होऊन उभा. नकळत तिनं हात जोडले.

"एक अर्ज होता," शेजारून आवाज आला. "तोंडी चालते का?"

"सांगा."

"लग्नासाठी रजा पाहिजे होती. पण... माझ्या एकट्याची मंजूर होऊन काय कामाची?"

जया हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. "मे महिन्यानंतर. आधी डोंगर पूर्ण करा."

"अन् मग?"

"मग दोघांचीही मंजूर."

तिनं पायाजवळचा दगड उचलला, बिनदिक्कत चाटला, आणि भिंगासाठी त्याच्या खांद्याशी वाकली. या वेळी मात्र गिरिधरला सुचलं. तो गळ्यातली दोरी काढायला लागला.

जयानं त्याचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली.