कोरलेलं इंजिन

विकायला काढलेल्या मोटारसायकलचं तिने बटण दाबलं आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं दोन गल्ल्या सोडून जाऊन बसली.

"जाहिरातीत 'जशीच्या तशी' लिहिलंय!" ती कडाडली.

"सायलेन्सर तेवढा बदललाय," विकणारा म्हणाला. तो लेथवाला, लोखंड दिसलं की त्याचे हात शिवशिवत.

"आणि?"

"सिलिंडर जरासा... कोरून पिस्टन मोठा घातलाय. ताकद बघा!"

"मी दातांची डॉक्टर आहे. हातात यंत्र आहे म्हणून चांगला दात कोरत सुटते का मी?"

तीन वर्षांनी पंधरा दिवसांची रजा मिळाली होती, दहा दिवसांनी सुरू होणारी. वाटेत मोठा घाट, मैलोन्‌मैल गॅरेज नाही. आणि जिच्यावर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात अशी लांबच्या प्रवासाची गाडी सापडली ती ही एकच – तीही बिघडवलेली!

"बसा मागे. चढावर कळेल ताकद."

कळली. अर्ध्या चढावर इंजिन तापून बंद पडलं. दोघं कठड्यावर बसली. इंजिन अर्ध्या तासात निवलं, ती नाही.

"लांबात लांब कुठे नेलीत ही?"

"...इथवर."

"चार वर्षं तुमच्याकडे असून?"

"एकट्याने कुठे जायचं? म्हणून तिच्यातच काहीबाही करत बसलो." तो स्वतःच्या काळ्या नखांकडे बघत होता. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून ती आणखी चिडली.

"जुने भाग भंगारात घातलेत?"

"छे! तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेत. जीव झाला नाही."

"सगळे परत बसवायचे. रोज संध्याकाळी येऊन बघणार मी."

आठ संध्याकाळी ती त्याच्या दुकानात आली, भांडली, त्याच्याच स्टुलावर बसून चहा प्यायली. नवव्या दिवशी गाडी तोच चढ शहाण्या मुलीसारखी चढली.

दुकानाशी परतल्यावर लेथवाल्याने सीट पुसली, पुसतच राहिला. "एकट्याच जाणार ना... मागची सीट काढून सामानाचं स्टँड लावू?" त्याने पाना उचलला.

"हात तर लावून बघ तिला!" ती ओरडली. "पुन्हा बदल? आणि वाटेत बंद पडली तर मी भांडू कुणाशी – दगडांशी?"

तो थांबला. "म्हणजे... रोज भांडणार?"

"रोज. घाटात दोनदा."

त्याने पाना खाली ठेवला, खडू शोधला आणि दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं – पंधरा दिवस बंद.