पंधरावी काच

पारनेरच्या तळ्याच्या बांधावरून मी शाळेत निघाले होते, आणि समोर हा माणूस गुडघाभर चिखलात, हातात लोखंडी नळी!

"मासे असे नाही मिळत," मी म्हटलं.

"मासे नकोत. चिखल हवाय."

"मग हवा तेवढा न्या की!"

हे यशया, नगरच्या कॉलेजातले. चिखलात डायटम असतात म्हणे, काचेसारख्या कवचाचं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. थराथराने खाली जात कवचं मोजली की कळतं, पूर्वी पाणी ऊन होतं की गार. मी चित्रकला शिकवणारी. कवचांची चित्रं काढून घ्यायला ते दर रविवारी मायक्रोस्कोप घेऊन येऊ लागले.

"चिखलाची बाटली किती वेळा धुता हो?"

"सात. एका तळ्यातलं कवच दुसऱ्यात गेलं, तर सगळं खोटं ठरतं."

"आणि माणूस गेलं तर?"

ते नुसतेच हसले आणि पुन्हा बाटली धुवायला लागले.

बहात्तरच्या जूनमध्ये ते तीन वर्षांसाठी कॅनडाच्या पार उत्तरेला गेले, गोठणाऱ्या तळ्यांचा जुना काळ शोधायला. जाताना मायक्रोस्कोप मला दिला आणि आमच्या तळ्यातला चिमूटभर चिखल पुडीत बांधून नेला. तिकडून चित्रांसाठी काचा यायच्या, मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या, कवचं चिकटवलेल्या, सोबत दोन ओळींचं कोरडं पत्र. मी मात्र पोस्टमनच्या सायकलची घंटी लांबून ओळखायला लागले.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात राहात्याचं स्थळ आलं, आणि डिसेंबर उजाडला तरी मी हो-नाही सांगितलं नव्हतं.

"मरिया, लई दिस थांबली ती मानसं. उद्या सांगायचं हाय," बाबा म्हणाले. "त्यो काई बोलला का तुला?"

काय सांगणार? नव्हतेच बोलले.

त्याच दुपारी पार्सल आलं. पत्रात एकच ओळ: 'पंधरावी काच नीट पाहा.'

पाहिली. गार पाण्यातली गोल गोल कवचं... आणि मधोमध एक लांबट, टोकाशी वाकडं. अगंबाई, हे तर आमचं! ऊन पाण्यातलं, मी सगळ्यात आधी काढलेलं. बाटली धुतली नाही की काय यांनी? सात वेळा धुणाऱ्या माणसाने?

मग ती पुडी आठवली. चुकून नव्हे, मुद्दाम ठेवलं होतं. इतकी रडले, की काचेतलं काही दिसेना.

"बाबा, राहात्याला नाही म्हणून कळवा."

"त्यो बोलला?"

"व्हय... बोलला."

त्यांना परतायला अजून दीड वर्ष होतं. मी पत्र लिहिलं: 'पंधरावी काच मोजणीत धरू नका. ती परत पाठवणार नाही. हवी असेल, तर स्वतः या.'