बेचाळीस नंबरचा रुमाल

लाइट चालू राहू द्या पोरांनो. घडलेली गोष्ट सांगायला अंधार लागत नाही. माझ्या मित्राच्या भाच्याबरोबर घडली, आणि तो काही थापा मारणाऱ्यातला नाही.

भाचा इतिहासात पीएचडी करत होता. जुन्या काळी शहराला वेढा पडला तेव्हा वेशीच्या पहारेकऱ्याने फितूर होऊन दरवाजा उघडला, असं त्याने प्रबंधात ठोकून दिलं. आधार काय, तर त्या पहारेकऱ्याची जबानी. ती पाहिली होती का? छे! एका जाड पुस्तकातली तळटीप जशीच्या तशी उचललेली. त्या पुस्तकवाल्यानेही दुसरीकडून उचललेली. त्याच्या गाइड मॅडमनी नेमकं पकडलं.

"उद्या दहाला मूळ कागदाची नक्कल आणा. नाहीतर सही मिळणार नाही."

चार वर्षं पाण्यात जायची वेळ आली. बाई मुद्दाम पाचर मारतायत, असंच याला वाटलं.

डिसेंबरातला गुरुवार, रात्रीचे अकरा वीस. परीक्षांमुळे कॉलेजची लायब्ररी बारापर्यंत उघडी होती. जुने कागद तिथे आतल्या खोलीत कापडात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. भाच्याने तळटीपेतल्या बेचाळीस नंबरच्या रुमालाची चिठ्ठी दिली. तिथल्या काउंटरवरच्या हडकुळ्या माणसाने आतून एकच कागद आणला. सारखा कमरेशी काहीतरी चाचपत होता.

"फोटो नाही. पेन्सिलीने उतरवा."

"मला अख्खा रुमाल हवाय."

"एवढा पुरे."

याच्या मनात पाल चुकचुकली. बाकीचे कागद दडवले की काय? मॅडमनी पढवून ठेवलाय का याला? तरी तो उतरवू लागला.

'दरवाजा मी उघडला नाही. किल्ल्या संध्याकाळीच काढून घेतल्या होत्या. कोणी, ते सांगितलं तर माझी मुलं जगणार नाहीत.'

पेन्सिल थांबली. कागद उलटंच सांगत होता.

"तुम्ही काय लिहिलंय?" माणसाने विचारलं.

"...फितूर."

"वाचून?"

भाच्याने मान खाली घातली.

"कोणीच वाचलं नाही..." माणूस पुटपुटला.

हॉलमध्ये आवाज नाही. पंखाही नाही. समोरच्याचा श्वाससुद्धा नाही.

"आता काय लिहाल?"

"यात आहे... तेच."

त्याने मान वर केली. माणूस नव्हता. खाली पाहिलं. कागद नव्हता. नक्कल तेवढी होती.

सकाळी ती वाचून मॅडम म्हणाल्या, "घरी बसून रचलीत ना?"

बिचाऱ्याला रडूच यायचं बाकी होतं. दोघं ग्रंथपालांकडे गेले. ते म्हणाले, "आतली खोली सहालाच बंद होते. रात्री तिथल्या काउंटरवर आमचा माणूस नसतो." त्यांनी रुमाल आणला. गाठीवर लाखेची मोहोर, जशीच्या तशी. इथे आल्यापासून तो कोणी सोडलाच नव्हता.

मॅडमनी स्वतः मोहोर फोडली. जबानी निघाली. नक्कल शब्दन् शब्द जुळली.

फक्त 'मुलं' या शब्दावरची शाई पसरली होती. मॅडमनी तिथे बोट टेकवलं आणि भाच्यापुढे धरलं.

बोट ओलं होतं.