काठीचा पाय

"रोहिणे, देव गेला."

सासूबाईंचा फोन आला तेव्हा रोहिणी नगरपंचायतीच्या जिन्यात होती. साखरबाई कधी एवढं हळू बोलत नसत. फोनवर बोलायचं म्हणजे पलीकडच्या गावाला हाक मारायची, अशीच त्यांची समजूत. रोहिणी तशीच खाली उतरली, स्कूटी काढली आणि पूल गाठला.

बिरवडी हे बारामती आणि इंदापूरच्या मधलं, नीरेकाठचं गाव. आता तिथं नगरपंचायत झाली, म्हणजे रस्ते तेच राहिले आणि कागद वाढले. नदीवर दगडी पूल, पलीकडं टेकाडावर बिरोबाचं देऊळ. ज्यांचे गुडघे टेकाड चढू देत नाहीत, ती म्हातारी माणसं पुलाच्या मधोमध उभी राहून कळसाला हात जोडतात. उसाचे ट्रॅक्टर मागून हॉर्न वाजवतात, म्हातारी माणसं हलत नाहीत. म्हणून तर गावाच्या विकास आराखड्यात नियमच घातला होता: मधल्या कठड्यापाशी उभं राहून कळस दिसलाच पाहिजे. त्याच्या आड येईल अशी उंच इमारत नदीकाठी बांधायची नाही.

साखरबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. समोर बिल्डर मानसिंगचं नवं कोरं व्यापारी संकुल. महिनोन्महिने त्यावर हिरवी जाळी होती. "जाळी उतरली की देव दिसंल, मावशी," असं मानसिंग सांगायचा. आज जाळी उतरली होती. कळसाच्या जागी गच्चीचा कठडा होता.

"नीट बघा, आत्याबाई. थोडं हिकडं सरका."

"सरकून बघितलं. न्हाय."

रोहिणीही सरकली, टाचा उंचावल्या. कळस नव्हता. बांधकाम परवान्यांचं काम तिच्याकडं होतं आणि ह्या परवान्यावर सही तिची होती.

सही तर होतीच, पण परवान्याआधी झालेल्या उंचीच्या चाचणीची कल्पनासुद्धा तिचीच. इमारत किती उंच चालेल, हे ठरवायला अभियंता महिपती यंत्र घेऊन आला तेव्हा गाव हसलं होतं. यंत्र काय, पैसे टाकील त्याचं. मग रोहिणीच म्हणाली होती, बिरोबाची काठी उभी करू. तिच्याशी कोण खोटं करणार?

ही काठी म्हणजे तीन मजली घराएवढी. बांबूला बांबू जोडलेला, पांढरा रंग, शेंड्याला पिवळं निशाण. खाली, मानकऱ्यानं हात पुरा वर केला की मूठ जिथं पोचते, तिथं लाल फडक्याची गाठ. जत्रेत काठी उभी असली की तिच्या रिंगणात मानकऱ्याशिवाय कोणी पाय ठेवत नाही, मग तो आमदार का असेना. मानकरी दादासाहेब, साखरबाईंचा धाकटा भाऊ.

चाचणीच्या दिवशी मानसिंगच्या जागेवर माणसाच्या उंचीचं पत्र्याचं कुंपण होतं. कुंपणात एकटे दादासाहेब, बाहेर दोर धरून मानसिंगची माणसं, आणि मुख्याधिकाऱ्यांपासून शिपायापर्यंत सगळे इकडं पुलावर. निशाणाच्या वर कळस लख्ख दिसत होता. लोकांनी चांगभलं केलं. रोहिणीनं परवान्यात लिहिलं: इमारत काठीएवढी, त्याहून बोटभरही वर नाही.

"म्हंजे मानसिंगनं मजला चढवला," साखरबाई म्हणाल्या.

"चढवला असला तर उतरवायला लावते. पण आधी मोजते."

---

मानसिंग गच्चीवर खुर्ची टाकून बसला होता. अंगात पांढरा सदरा आणि बोलण्यात साखर. माळेगावच्या कारखान्यातसुद्धा एवढी निघत नसेल.

"मोजा की, मॅडम. बोटभर जास्त निघाली तर माझ्या हातानं पाडतो."

महिपतीनं टेप सोडली. इमारत बरोबर काठीएवढी निघाली.

"खालची जमीन भरून घेतलीत?" रोहिणीनं विचारलं.

"जुन्या विहिरीचं तोंड बघा. पैल्यापासनं जमिनीबरोबर हाय, आजबी तसंच हाय."

तेही खरं निघालं. जिना उतरताना रोहिणी महिपतीकडं वळली.

"काठी तुम्ही मोजली होती ना?"

"आधी देवळात मोजली, नंतर देवळात मोजली. दोन्ही येळा तेवढीच."

"चाचणीच्या जागी?"

महिपती टेप गुंडाळू लागला. मग म्हणाला, "मॅडम, रिंगणात मी कसा जाणार? मला ह्याच गावात राहायचंय."

काठी तेवढीच. इमारत काठीएवढी. काठी उभी होती तेव्हा कळस दिसत होता, इमारत उभी राहिली आणि कळस गेला. हे म्हणजे मापही खरं, मोजणाराही खरा, आणि दूध मात्र पाण्यागत पातळ.

---

टेकाडाच्या पायथ्याला एक फलक गवतात उभा होता. 'मंदिरापर्यंत गाडीरस्ता. सौजन्य: मानसिंग.' पुढं चार खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांच्यावर घाणेरीची झुडपं माजलेली. रोहिणी पायऱ्या चढून वर गेली तेव्हा तिलाच धाप लागली.

दादासाहेब सभामंडपात भंडारा चाळत बसले होते. हात कोपरापर्यंत पिवळे.

"ये पोरी. पाणी घे."

"मामा, एक विचारायचं होतं. काठी कुणी कापली होती का?"

"जो हात काठी कापंल तो झडंल."

"तिरकी धरली होती?"

"सरळ धरली. बिरोबाची आण."

"पाय टेकवताना भंडारा, खोबरं घातलं होतं?"

म्हाताऱ्याला हा प्रश्न लागला. मान ताठ झाली. "त्याबिगर काठीचा पाय टेकत न्हाय. कुठंबी टेकू दे. माझ्या बापानं टेकवला न्हाय, मी टेकवणार न्हाय."

"आणि खालचा तो रस्ता?"

"व्हायचा हुता." चाळणी थांबली. "आक्का काय म्हणती?"

"काही म्हणत नाहीत. सकाळपासून जेवल्या नाहीत."

दादासाहेबांनी पुन्हा चाळणी हातात घेतली, पण ती हलेना. रोहिणीला वाटलं, मामांना आक्काचं वाईट वाटतंय. ते खरंच होतं, पण अर्धंच.

---

घरी आल्यावर तिनं लेकीचा फोन मागितला. चाचणीच्या दिवशी मोनानं पुलावरून फोटो काढला होता. पत्र्याचं कुंपण, त्याच्यावर पांढरी शुभ्र काठी, टोकाला पिवळं निशाण, त्याच्यावर कळस. मोनानं जत्रेतलाही एक फोटो दाखवला. त्यात दादासाहेब हात वर करून काठी धरून उभे होते.

रोहिणीनं दोन्ही फोटो कितीदा तरी पुढं-मागं केले. मग फोन पालथा ठेवला.

"काय दिसलं, आई?"

"दिसायला पाहिजे ते दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच संकुलावर गेली. सगळी जागा काळ्या मातीची, भेगाळलेली. फक्त पुलाकडच्या कोपऱ्यात, जिथं काठी उभी केली होती, तिथं घमेल्यापेक्षा थोडा मोठा गोल मुरूम होता आणि तो खचलेला होता. तिनं कुदळ मागवली. छातीएवढं खोल गेल्यावर तळाशी जे लागलं, ते तिनं रुमालात बांधलं.

घरी येईपर्यंत तिच्या मनात नको ते येऊन गेलं. रुमाल नीरेत सोडला तर? चाचणीत चूक झाली म्हणायचं, आपल्यावर घ्यायचं. नोकरीला डाग लागेल, पण घरातला माणूस वाचेल. नाहीतरी काठीची कल्पना आपलीच, आणि पुलावरून टाळ्या पिटणारे हातही आपलेच. पण मग कळस कायमचा गेला. दारात साखरबाई बसल्या होत्या, समोरची भाकरी तशीच. रोहिणीनं मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला.

---

सगळे संकुलाच्या आवारात जमले. साखरबाईंना खुर्ची दिली. दादासाहेब भिंतीला टेकून उभे होते.

"मजला चढवला नाही, काठी कापली नाही, जमीन भरली नाही," रोहिणी म्हणाली. "मानसिंगराव, तुम्ही खोटं बोलला नाहीत. मामाही बोलले नाहीत. म्हणूनच मला वेळ लागला."

"मग झालं की," मानसिंग म्हणाला.

"नाही झालं. हा जत्रेतला फोटो. लाल गाठ मामांच्या वर केलेल्या मुठीत आहे, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या चांगली वर. आता हा चाचणीचा फोटो. पत्रा माणसाएवढा, त्यामुळं गाठ पत्र्याच्या वर दिसायला पाहिजे. इथं पत्र्यावर नुसती पांढरी काठी आहे. गाठ कुठं गेली?"

महिपतीनं फोटो जवळ नेला. "पत्र्याआड हाय. काठी खाली गेलीय."

"कापली नाही, तर खाली कशी जाईल? जमिनीत. पत्र्याच्या आत छातीएवढा खड्डा होता, त्यात काठी सोडली आणि सरळ उभी केली. नंतर खड्डा मुरमानं बुजवला, पण मुरूम खचला. म्हणून पुलावरनं काठी छातीभर बुटकी दिसली, आणि इमारत उभी राहिली पुऱ्या काठीएवढी. रिंगणात कोणी जाणार नाही, हे गावाला माहीत होतं. मानसिंगरावांनाही होतं."

"खड्डा कशाचाबी असंल," मानसिंग उसळला. "कुंपणाच्या डांबाचा असंल."

रोहिणीनं रुमाल सोडला. पिवळी धमक माती आणि त्यात काळा पडलेला खोबऱ्याचा तुकडा.

"हे खड्ड्याच्या तळाशी होतं. डांब पुरताना भंडारा कोण घालतं?"

सगळे आपसूक दादासाहेबांकडं वळले. रोहिणीला त्यांच्याकडं बघवेना.

"मामा, दुसरा कोणी असता तर त्यानं खड्ड्यात नुसती काठी सोडली असती. मग मला काहीच सापडलं नसतं. तुम्हाला ते जमलं नाही."

दादासाहेब खाली बसले. "व्हय. मीच सोडली," ते म्हणाले. "खड्डा मानसिंगच्या माणसांनी काढला. म्हणलं, काठी कापली न्हाय, नेम मोडला न्हाय, मग देवाचा अपराध कसा? पण त्या दिसापासनं भंडारा कपाळाला लावताना देवाफुडं डोळं वर व्हत न्हाईत."

"का केलंस दाद्या?" साखरबाईंनी विचारलं.

"ह्यो म्हणला, वरचा मजला चढू दे, देवळापतुर गाडीरस्ता करतो. म्हणलं, आक्का किती वर्सं लांबनंच हात जोडायची? गाडीत बसवून थेट देवाच्या पायाशी नेऊ. रस्ता व्हईपतुर कळस गेला तर गेला." त्यांनी मानसिंगकडं बघितलं. "चार खुंट्या ठोकल्या ह्यानं."

मानसिंगनं मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिला.

साखरबाईंनी रुमालातल्या खोबऱ्याला हात लावला. "देवाला भंडारा घालून इचारलंस," त्या म्हणाल्या. "मला का न्हाय इचारलं?"

मुख्याधिकारी म्हणाले, पंचनाम्यासाठी काठी पुन्हा उभी करावी लागेल, मोकळ्या जमिनीवर, इमारतीच्या पुढं; त्यावरनं वरचं बांधकाम उतरवायचा हुकूम काढता येईल. जबाबदारांमध्ये रोहिणीनं मानसिंग आणि दादासाहेबांच्या खाली आपलं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. रिंगणाबाहेर राहून सही करणारी तीच होती.

"मी न्हाय धरायचा," दादासाहेब म्हणाले. "ह्यो हात काठीला लायक न्हाय ऱ्हायला."

"तूच धरायची," साखरबाई उठत म्हणाल्या. "मी पुलावर जाते. ह्या येळी पाय जमिनीवर टेकव."

काठी आली. ह्या वेळी कुंपण नव्हतं आणि महिपती पायताण काढून रिंगणात शिरला. दादासाहेबांनी काळ्या मातीवर भंडारा टाकला, खोबरं ठेवलं, काठी उभी केली आणि हात वर केला. लाल गाठ मुठीत आली. म्हातारा ढसाढसा रडत होता, पण काठी हलली नाही.

पुलावर रोहिणीच्या शेजारी साखरबाईंनी मधला कठडा धरला. उन्हानं त्यांचे डोळे दिपत होते.

"कळसाच्या जागी काय दिसतंय, पोरी?"

"निशाण, आत्याबाई. गच्चीच्या बरोबरीनं."

"मग खरी धरलीया त्यानं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.