ओल्या चुन्याची कमान

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो.

तांबडं फुटलं तेव्हा कांडळगडाच्या तोंडाशी नवी कमान उभी होती, आणि किल्लेदाराची विधवा ढवळाबाई तिच्याकडे वैऱ्याकडे बघावं तशी बघत होती. जिथं सासरच्या पिढ्यांनी चुन्याचा थेंब न घालता, नुसता दगडावर दगड बसवून, दोन बुरुजांच्या बगलेत वळणाआड दडवलेला दरवाजा राखला, तिथं दीर हैबतरावानं, भाऊ वारताच, तो दरवाजा पाडून विजापुरी थाटाची उंच, सरळ कमान घातली होती. कारण उघड होतं. बाईची माणसं कोठारात कोंडून त्यानं गड पातशाही सरदाराला कबूल केला होता, आणि सरदार आज येणार होता.

कमान बांधणारे उस्ताद बुऱ्हान विजापूरकडून धरून आणलेले. काल बाईनं त्यांना विचारलं होतं, “खालचा लाकडी सांगाडा कधी निघायचा?”

“चुना वाळल्यावर. तुमच्याकडं दगड बसला की संध्याकाळी त्यावर नाचा, बाईसाहेब. आमची कमान वाळेपर्यंत लाकडावर झोपते.”

“भाऊजींना सांगितलंत?”

“सांगितलं. कामचुकार म्हणाले, चाबूक दाखवला.”

खाली नगारे वाजू लागले. सांगाड्यानं दरवाजा अडलेला. हैबतराव वर बघून घुटमळला.

“राहू द्या, भाऊजी,” बाई म्हणाली. “सरदारसाहेबांना म्हणावं, टेकूखालून रांगत या. दुसऱ्याच्या टेकूवर उभं राहायची तुम्हालाही सवयच आहे.”

त्याच्या मिशा थरथरल्या. “काढा लाकूड. माझ्या बापाच्या बुरुजांना कधी टेकू लागला नाही.”

लाकूड निघालं. वरून भुरभुर माती गळली. हैबतरावानं डोळे बारीक केले.

“आधी तुम्ही चाला, वहिनीसाहेब. पडली तर तुमच्या डोक्यावर पडू दे.”

नाही म्हटलं असतं तर कमान कच्ची आहे हे त्याला कळलं असतं, लाकूड पुन्हा लागलं असतं आणि गड गेलाच असता. बाईनं पदर डोक्यावरून घेतला नि निघाली. खांद्यावर खडे पडले. मधोमध थांबून म्हणाली, “गारवा छान आहे इथं.” पलीकडे डोंगराची वाट मोकळी होती, बाई मात्र त्याच कमानीखालून परत आली. उस्तादांनी डोळे मिटून घेतले होते.

मग सरदाराला घेऊन अंबारीचा हत्ती डुलत आला. गडाच्या चाव्यांचं तबक घेऊन हैबतराव कमानीखाली उभा राहिला. हत्तीनं पायथ्याच्या दगडाला कूस घासली, माथ्याचा दगड ढळला, आणि सगळी कमान मटकन खाली बसली. तबक आणि हैबतराव दोघंही खाली. धुरळ्यानं बिथरलेला हत्ती मागं फिरला तो आपल्याच फौजेला तुडवत उतरला. दरवाजा ढिगाऱ्यानं बुजला होता. बाईनं कोठाराची कडी काढली, आणि तिच्या माणसांनी तेच दगड उचलून खाली लोटले.

संध्याकाळी उस्ताद मान खाली घालून आले. “बाईसाहेब, माझी कमान गेली.”

“पुन्हा बांधा. पण बुरुजांच्या आड, वळणावर. आणि चुना वाळायच्या आत लाकडाला कुणी हात लावला, तर तो हात मी ठेवणार नाही.”

म्हणून त्या गडाची वाट आमच्या वळणाची नि कमान विजापूरची.

हत्ती तेवढा माझ्या पदरचा. त्या चढणीवर बकरीसुद्धा दमते. सरदार घोड्यावरून आला होता, आणि घोडं नुसतं शिंकलं.